हाराच्या दोऱ्याने शिवलेला खिसा

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे, जाड निळ्या जीनच्या कापडाचा, आत रजईसारखं अस्तर असलेला. माझ्या सांगण्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. कापडाला कुठलं आठवतं, असं तुम्ही म्हणाल, आणि ते खोटं नाही. मलाही माझ्या आठवणींची कधी कधी शंका येते. पण एक गोष्ट मला पक्की माहीत होती. ती जगात मला एकट्यालाच माहीत होती, आणि तेहतीस वर्षं मी ती कोणाला सांगू शकलो नाही.

माझा जन्म कुठल्या मुलखात झाला ते मला ठाऊक नाही. मानेजवळची, नाव-गाव लिहिलेली चिंधी कोणीतरी कापून टाकली होती. परदेशातून येणाऱ्या जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यात दबून मी नाशिकला आलो आणि गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात एका ताडपत्रीवर पडलो. तिथे मला दिनेशने उचललं. तो एकोणीस वर्षांचा होता. मखमलाबादला त्याच्या घरचा फुलांचा मळा होता आणि तो नाशिकच्या कॉलेजात शिकत होता.

मी घरात पाऊल ठेवलं आणि त्याच्या आईने, वत्सलाबाईंनी, नाकाला पदर लावला.

"कुणाच्या अंगावरचा हे, काय म्हाईत! मेलेल्या मानसाचा असला म्हंजे?"

"आई, कोट आहे, भूत नाही."

"तुला काय ठावं भुताचं?"

त्यांनी मला कडुलिंबाच्या पाण्यात तीनदा उकळलं. आयुष्याच्या दुसऱ्या डावाची माझी सुरुवात अशी संशयाने झाली. वाळल्यावर त्यांना दिसलं की माझ्या डाव्या बाजूच्या आतल्या खिशाची तळाची शिवण उसवली आहे. त्या तेव्हा ओट्यावर हार ओवत बसल्या होत्या. सुई हातात होती, दोरा हाराचा होता. त्याच दोऱ्याने त्यांनी माझा खिसा शिवून टाकला. मित्रांनो, हाराचा दोरा एक दिवस टिकला म्हणजे पुष्कळ. दुसऱ्या दिवशी हार निर्माल्यात जातो. पण फुलांच्या घरात दुसरा दोरा शोधायला उठतंय कोण?

दिनेशचा एक जिवलग मित्र होता, महेश. तो येवल्याचा, पैठणी विणणाऱ्या घरातला. नाशिकला खोली घेऊन राहायचा आणि शनिवारी एसटीने घरी जायचा. या दोघांना एका विलायती रॉक बँडचं वेड होतं. बँडचं नाव 'ग्रे हेरॉन्स', म्हणजे राखी बगळे. दोघांत मिळून एकच कॅसेट होती. ती इतकी वाजली होती की मधली दोन गाणी पाण्याखालून आल्यासारखी ऐकू यायची. तेवढ्यावरच त्यांनी शपथ घेतली, की एक दिवस दोघांनी मिळून परदेशात जायचं आणि यांना समोर उभं राहून ऐकायचं.

एका सोमवारी महेश येवल्याहून कागदात गुंडाळून काहीतरी घेऊन आला. उरलेल्या रेशमाचा, वीतभर रुंद तुकडा होता. त्यावर बँडचं चिन्ह, एका पायावर उभा असलेला बगळा, त्याने मागावर विणला होता. पण महेशच्या बोटांना मोर विणायची सवय. त्यामुळे बगळ्याची मान मोरपंखी झाली होती आणि शेपटीला जरीचे डोळे आले होते.

"अरे, हा बगळा आहे की मोर?" दिनेश हसत सुटला.

"बगळाच हे. लग्नाला निघालाय, म्हणून नटला थोडा." महेशने तुकडा उलटा केला. मागूनही बगळा तसाच, एकही गाठ बाहेर नव्हती. "बघ. आमच्या कापडाला मागची बाजूच नसती."

त्याने तो माझ्या पाठीवर शिवला. त्या दिवसापासून मी साधा कोट राहिलो नाही. कॉलेजच्या आवारात मुलं थांबून पाहायची.

मग त्यांनी बँडला पत्र लिहिलं. सात महिन्यांनी उत्तर आलं. बँडच्या चौघांचा फोटो असलेलं जाड कार्ड, त्यावर चौघांच्या सह्या आणि वर शाईने लिहिलेलं, 'दिनेश आणि महेश यांना'. कार्ड एक, धनी दोन. मग असं ठरलं, की एक आठवडा एकाकडे, एक आठवडा दुसऱ्याकडे, आणि अदलाबदल शनिवारी बसस्टँडवर.

तो शनिवार मला नीट आठवतो. दिनेश त्र्यंबकच्या गाडीवर झेंडूच्या ओल्या पाट्या चढवत होता. दोन्ही हात गुंतलेले. येवल्याची गाडी सुटत होती. महेश धावत आला, कार्ड स्वतःच्या हाताने माझ्या आतल्या खिशात सरकवलं आणि पळत पळत ओरडला, "दिन्या, ठेवलं रे आतल्या खिशात!"

"बरं!" दिनेश म्हणाला. त्याने वळून पाहिलं नाही.

पाट्यांच्या पाण्याने मी छातीशी भिजलो होतो. हाराचा दोरा ओला झाला आणि तुटला. कार्ड खिशातून घसरलं, अस्तराच्या आत गेलं आणि माझ्या पाठीच्या बाजूला जाऊन बसलं. घरी दिनेशने मला खुंटीला टांगलं आणि तो अंघोळीला गेला. वत्सलाबाई हार ओवत बसल्या होत्या. त्यांना खिशाचा लोंबणारा दोरा दिसला. "परत उसवला मेला," म्हणत त्यांनी तिथल्या तिथे खिसा पुन्हा शिवून टाकला. आत हात घालून पाहिलं नाही. पाहावं असं त्यांना वाटायचं कारणही नव्हतं.

दिनेश बाहेर आला. खिसा चाचपला. रिकामा. खिशाचा तळ पाहिला. अगदी धड. पडायला जागाच नव्हती. मग कार्ड गेलं कुठे?

संशय कसा येतो ते मी त्या रात्री पाहिलं. आधी तो प्रश्न असतो. 'महेश घाईत होता, विसरला असेल का?' मग त्याला पाय फुटतात. 'तो ओरडला कशाला एवढ्या मोठ्याने? मी वळून पाहू नये म्हणून?' सकाळ होईपर्यंत दिनेशची खात्री झाली होती. मी खुंटीवर लटकत होतो. कार्ड माझ्या पोटात होतं. मी काय करणार?

दुसऱ्या दिवशी त्याने मला अंगात घातलं आणि पहिल्या गाडीने येवलं गाठलं.

महेश मागावर बसला होता. "काय रे, आज इकडं?"

"कार्ड काढ."

"तुझ्या खिशात ठेवलं की काल."

"खिसा धड आहे महेश. मला वेडा समजतोस का?"

बोलणं वाढत गेलं. शेजारच्या मागांवरचे लोक हात थांबवून बघू लागले. दिनेशला भिंतीशी एक लाकडी पेटी दिसली. ती महेशच्या आईची, नवसाबाईंची होती. तिच्यात त्यांच्या लग्नातलं लुगडं आणि नवऱ्याचा फोटो होता. दिनेशने ती उघडली आणि सगळ्यांसमोर आत हात घातला. महेश जागचा हलला नाही. नवसाबाई मात्र जवळ आल्या.

"बघ बाबा, नीट बघ," त्या म्हणाल्या. "खालचा कप्पाबी बघ."

दिनेशने खालचा कप्पाही पाहिला. मित्रांनो, तो वाकला होता तेव्हा कार्डाचा कोपरा त्याच्याच पाठीला टोचत होता. मला वाटलं, आता त्याला कळेल. त्याने नुसती पाठ खाजवली. पेटीत काही मिळालं नाही. जाताना तो उंबऱ्यात थांबला आणि महेशला म्हणाला, "मागची बाजू नसते म्हणे तुमच्यात. आज दिसली."

त्यानंतर ते दोघे कधी बोलले नाहीत.

माझ्या पाठीवर महेशचं विणकाम होतं, म्हणून मी पत्र्याच्या पेटीत गेलो. डांबराच्या गोळ्यांबरोबर मीही झिजत राहिलो. पेटी उघडली की मी दचकायचो. आता मला कोणाला देणार? एकदा वत्सलाबाईंनी मला खरंच बोहारणीपुढे टाकलं, स्टीलच्या एका परातीसाठी. तिने मला दाबून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"मावशी, ह्याच्यात काय तरी कडक लागतंय. काय भरलंय आत?"

"बक्रम असंल गं, कॉलरीत घालत्यात तसलं."

"नाय बाई, मला नको हा."

तिच्या संशयाने मी वाचलो. तिने जे बोटांनी ओळखलं ते घरात कोणालाच कळलं नाही.

दिनेशने पुढे गुलाबाचं पॉलिहाऊस उभारलं. लग्न झालं, मुलगी झाली, शुभांगी. पण त्या शनिवारपासून त्याला एक खोड लागली. पॉलिहाऊसला दोन कुलपं. मजूर निघाले की त्यांच्या पिशव्यांकडे नजर. कोणी काही हातात दिलं की समोर उलगडून बघणं. बँडची गाणी तो अजून ऐकायचा, पण कानात तार घालून, एकट्याने.

शुभांगी नोकरीसाठी ग्लासगोला गेली. काही वर्षांपूर्वी तिचा फोन आला. "बाबा, तुमचे बगळे शेवटचा दौरा करतायत. इथे मोकळ्या मैदानात कार्यक्रम आहे. तिकीट काढलंय. आता नाही म्हणू नका."

"तिकीट खरं आहे ना? फसवतात गं लोक."

"बाबा!"

थंडीसाठी मला पेटीतून काढलं ते वत्सलाबाईंनी. ऐंशीला टेकलेल्या, पण हात अजून फुलांत. "हा घाल," त्या म्हणाल्या. "एवढा ऊबदार तुझ्याकडं दुसरा नाय." दिनेशने माझ्या पाठीवरचा बगळा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग मला घातलं. विमानात टेकून बसल्यावर त्याला पाठीशी कडक लागलं, तेव्हा तोही स्वतःशी म्हणाला, "बक्रम."

मैदानाच्या फाटकावर दुपारी लांब रांग होती. पांढऱ्या केसांची माणसं, राखी टोप्या, कोणाच्या खांद्यावर नातवंडं. माझ्या बगळ्याकडे बघून लोक अंगठा दाखवत होते. दिनेश लाजला, पण त्याची छाती फुगली होती. मी त्याच्या छातीवरच होतो, मला कळत होतं.

फाटकावरच्या धिप्पाड पहारेकऱ्याने त्याला दोन हात पसरायला सांगितलं. त्याचे पंजे माझ्या पाठीवर आले आणि थांबले.

"आत काय आहे?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"काही नाही. कापडाचंच आहे," दिनेश म्हणाला. त्याचा आवाज बदलला. मला त्याच्या मनातलं ऐकू आल्यासारखं झालं. मुंबईच्या विमानतळावर कोट तपासणीच्या ट्रेमध्ये ठेवला होता. तिथे कोणी काही घातलं की काय? आयुष्यभर दुसऱ्यांच्या पिशव्यांकडे पाहणारा माणूस आज स्वतः संशयित म्हणून उभा होता.

पहारेकऱ्याने मला काढून घेतलं आणि दोन बोटं खिशात घातली. हाराचा दोरा तेहतीस वर्षांचा. बोट लागताच विरला. हात अस्तरात गेला, पाठीपर्यंत गेला आणि कार्ड घेऊन बाहेर आला.

पहारेकरी कार्डाकडे पाहत राहिला. चार तरुण चेहरे, चार सह्या. त्याने वरची ओळ वाचली आणि हसून विचारलं, "यातला तू कोण? दिनेश की महेश?"

दिनेशने कार्ड दोन्ही हातांनी घेतलं आणि तो रांगेतून बाजूला झाला.

"बाबा?" शुभांगीने त्याचा दंड धरला. "बाबा, काय झालं?"

तो कुंपणाशी खाली बसला आणि तिला सगळं सांगितलं, पेटीसकट. तिने फोनवर येवल्याचं, महेशच्या नावाचं पैठणीचं दुकान शोधलं, नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला.

"नमस्कार, बोला. साडी बघायची का?" मागून मागाची खटखट येत होती.

"महेश, मी दिन्या."

खटखट थांबली.

"कोनचा दिन्या?"

"मखमलाबादचा. महेश, कार्ड सापडलं. माझ्याच कोटात होतं. अस्तरात. मी..."

मला वाटलं, आता हा फोन ठेवणार. ठेवला असता तरी चूक नव्हती.

"आई गेली," महेश म्हणाला. "नऊ वर्षं झाली."

दिनेशने कपाळ गुडघ्यांना टेकवलं. "मागची बाजू माझीच होती रे," तो म्हणाला.

"आता रडू नको तिथं, परक्या मुलखात. वाजवायला लागले का ते?"

"अजून नाही."

"मग लागले की लाव फोन. आणि कार्ड पोस्टानं धाडू नको. स्वतः ये."

सहा वाजता, लख्ख उजेडात, तीन म्हातारे मंचावर आले. चौथ्याच्या जागी रिकामी खुर्ची होती. पहिला सूर निघाला आणि हजारो माणसं एकदम ओरडली. दिनेशने महेशला फोन लावला आणि तो डोक्यावर उंच धरला. थोड्या वेळाने कानाला लावला.

"नुस्ता कालवा येतोय," महेश म्हणाला.

"इथेही तसंच आहे."

"मग बरोबर हे. धर तसाच."

दिनेशने तो शेवटच्या गाण्यापर्यंत तसाच धरला. हात भरून आला की दुसऱ्या हातात घेतला.

परतल्यावर त्याने आईला सांगितलं. वत्सलाबाईंनी माझा खिसा उलटा करून पाहिला, तो कुजका दोरा बोटाला गुंडाळला. त्या दिवशी त्यांनी हार ओवला नाही.

मग आम्ही येवल्याला गेलो. महेशचे केस गेले होते. मिठी वगैरे काही झाली नाही. त्याने फक्त म्हटलं, "बस." दिनेश बसला नाही. "पेटी कुठंय?" त्याने विचारलं. पेटी भिंतीशीच होती. दिनेशने चपला काढल्या, पेटीपुढे बसला आणि झाकण उघडलं. कार्ड हातात घेऊन तो महेशकडे पाहत राहिला.

"खालच्या कप्प्यात ठेव," महेश म्हणाला.

हात आत गेला आणि रिकामा बाहेर आला. त्या पेटीचं सगळं देणं त्याने फिटलं, असं मी म्हणणार नाही. ज्यांना ते द्यायचं होतं त्या नव्हत्या.

मी आता महेशच्या मागाशेजारी खुंटीवर असतो. दर दिवाळीनंतर दिनेश येतो, हिवाळाभर मला नेतो, मग पुन्हा आणून टांगतो. वस्तू एक, धनी दोन. अजूनही कोणी माझ्याकडे निरखून पाहिलं की मला शंका येते. जुनी सवय आहे, जाणार नाही.

तुम्हाला काही शिकवावं एवढा मी शहाणा नाही, मित्रांनो. फक्त त्या दिवशी महेशने माझा खिसा कसा शिवला तेवढं सांगतो. त्याने पक्कं पीळदार रेशीम घेतलं, सुई ओवली आणि ती दातांत धरली. मग दोन्ही हातांनी माझं अस्तर खांद्यापासून काठापर्यंत सावकाश चाचपलं, आत कोपरापर्यंत हात घालून पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं, आणि मगच पहिला टाका घातला.