तंबोरा धरलेल्या माणसाला उठता येत नाही

मी निपाणीच्या व्यसनमुक्ती केंद्रातला तंबोरा बोलतोय. शब्द हा माझा प्रांत नव्हे. चार तारांत मावतं तेवढंच आयुष्यभर म्हणत आलो, आणि तेही सुरात होतं की नाही, ही धास्ती अजून जात नाही. हवा जरा दमट झाली की माझी खर्जाची तार उतरते. मग वाटतं, आपलं सगळंच उतरलं.

माझा जन्म मिरजेचा. बेळगावच्या विद्युल्लताबाईंच्या वडिलांनी मला घरी आणलं, तेव्हा बाई परकर-पोलक्यात होत्या. त्यांच्या मागं बसून मी संगीताचं सगळं शिक्षण ऐकलं. रागांचं शास्त्र मला तोंडपाठ आहे. उपयोग काय, एक तान घेता येत नाही.

बाईंचा धाकटा भाऊ दारूनं गेला. तेव्हा बाईंनी मैफली सोडल्या आणि निपाणीतली तंबाखूची एक रिकामी वखार घेऊन तिथं केंद्र काढलं. तंबाखूच्या वखारीत व्यसनमुक्ती, म्हणून गाव बरेच दिवस हसलं. भिंतींना वास एवढा, की आलेला माणूस आधी शिंकायचा आणि मग बोलायचा. महाराष्ट्रातल्या कागलकडचे आणि कर्नाटकातल्या चिकोडीकडचे शेजारी-शेजारी झोपत, सीमाप्रश्नावरून भांडत आणि चहाला एक होत. बाईंना सगळेच आक्का म्हणत.

आक्कांचा एक नियम होता. सगळ्यांत नवा जो येईल, त्यानं आक्का गायला बसल्या की मागं तंबोऱ्यावर बसायचं. मला ते फार लागलं. थरथरत्या हातांनी कुणी माझ्या तारा ओरबाडाव्यात, यासाठी का मी एवढं शिकलो? बेळगावचे एक जाणकार एकदा म्हणालेच, "बाई, तुमचा सूर हलतोय."

"हलू दे," आक्का म्हणाल्या. "माणूस जागचा हलत नाही ना?"

मला पुढं उमगलं. तलफ आली की माणूस दाराकडं बघतो, आणि केंद्राच्या दाराला कुलूप नव्हतं. पण गाणं चालू असताना तंबोरा खाली ठेवून उठायचं धाडस कुणाला होत नाही. तेवढी लाज दारुड्यातही शिल्लक असते. तलफ चढते, टोकाला जाते आणि बसून राहिलं तर अर्ध्या तासात ओसरते, असं आक्का सांगत. त्यांचा विलंबित ख्याल साधारण तेवढाच चाले. मागं बसलेल्याचा घाम वाळला नसेल, तर लांबे.

मष्णू असाच आलेला. एकदा आलाप चालू असताना मागून कण्हला, "आक्का, आवरा की आता."

"तलफ गेली?"

"ती कवाच गेली. आता भूक लागलीया."

तेव्हापासून तो इथंच आहे. आता केंद्रही तोच बघतो.

गेल्या वर्षी आक्का गेल्या. मला खोळ घालून भिंतीशी उभं केलं. बटण दाबलं की वाजणारा तंबोऱ्याचा डबा आला. तो कधी उतरत नाही. त्याच्यापुढं मी कोण?

परवा आक्कांचा पहिला स्मृतिदिन झाला. त्यांची भाची अदिती बेळगावहून गायला आली. ती डबा जुळवत होती, तेवढ्यात आदर्शमास्तर पिशवी घेऊन मष्णूपुढं उभे राहिले. चिकोडीकडच्या शाळेतले मास्तर, केंद्रात सगळ्यांत नवे.

"मामा, पाचची चिकोडी गाडी धरतो. घरी काम निघालंय."

"काम कसलं ते ठावं हाय मला. मीबी त्याच कामाला जाईत हुतो."

"अडवणार आहात का?"

"न्हाय बा. दार उघडंच हाय. फकस्त ह्यो धरा वाईच, पोरीचं गाणं हुईस्तवर." मष्णूनं माझी खोळ काढली.

"मष्णूमामा, डबा आहे की. यांना जमेल का?" अदिती म्हणाली.

"आक्कांच्या मागं तरी कुणाला जमत हुतं?"

मास्तरांनी मला धरलं. हात असा कापत होता की माझी तिसरी तार दुसरीच्या आधी बोलू लागली. अदितीच्या कपाळाला आठी पडली. थोडक्यात आटपायचं, असं ती आल्या आल्याच म्हणाली होती.

ख्याल संपत आला आणि रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. मास्तरांचं बोट थांबलं. अदितीनं मागं वळून पाहिलं. ते दाराजवळच्या पिशवीकडं बघत होते, गळ्यावरून घामाच्या धारा. मग तिनं बंदिशीची पहिली ओळ पुन्हा धरली, अगदी सुरुवातीसारखी, घाई नसल्यासारखी. बोट हललं. माझी तार तुटेल या भीतीनं मी अर्धा झालो होतो, तुटली नाही. गाडी गेली. हळूहळू बोटाचा मार हलका झाला.

गाणं संपलं, माणसं चहाला उठली. बोट चालूच होतं.

"मास्तर, झालं," मष्णू म्हणाला.

"कळलं मला. थोडं राहू दे."

आज सकाळी काकतीचे आण्णाप्पा दाखल झाले. मष्णूनं आक्कांचा नियम पुन्हा चालू केलाय, म्हणून मास्तरांना मला सोडावं लागलं. सोडताना त्यांचं तोंड जरा उतरलं. "सावकाश धरा," ते आण्णाप्पांना म्हणाले. "बोट आपटू नका. आणि ती पिशवी आधी माझ्याकडं द्या."

नवा माणूस कधी येऊच नये, मी कोपऱ्यात धूळ खात पडावं, अशी इच्छा खरं तर मी करायला हवी. एवढं शिकल्यावर कळतं ते. पण मनापासून होत नाही, काय करू? तुमच्या ओळखीत कुणाचा पाय घरात ठरत नसेल, तर त्याला इकडं आणून माझ्यामागं बसवा. गाता यायची अट नाही.