कॉर्डेलची मोजणी

दीप्तीने कॉर्डेलच्या कमरेचा पट्टा आवळला, समोर येऊन उभी राहिली आणि मराठीतच मोजलं, “एक... दोन... तीन!”

एकशे चाळीस किलोंचा तो माणूस खुर्चीतून निमूट उठला आणि परत बसला. मागे पट्टा धरून उभी असलेली त्याची बायको अकीला हसली.

कॉर्डेल अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू. बारा वर्षं खेळला, पण चेंडूला हात असा लावलाच नाही. काम एकच: चेंडू फेकणारा मागे, आपण पुढे, आणि समोरून येईल त्याला आडवा करायचा. त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. अकीलाच्या माहेरी, आखातातल्या रिफा शहरातल्या या बंगल्यात भिंतभर त्याचे फोटो होते, उसळण्याआधी वाकून उजव्या हाताची बोटं जमिनीला टेकवलेले. त्या टकरींनी मेंदूचा मात्र भुगा केला. पन्नाशीच्या आतच तो बायकोचं नाव विसरला.

मार्चमध्ये नावेद नावाच्या नर्सने त्याला उठवताना ‘वन, टू, थ्री’ म्हटलं आणि कॉर्डेलने उसळून त्याला भिंतीवर फेकलं. नावेदच्या दोन बरगड्या मोडल्या. तेव्हापासून अकीलाचे भाऊ हटून बसले होते, याला बंद वॉर्डात टाका. त्यांचं तोंड बंद करायला फिजिओथेरपिस्टच्या सहीचा कागद हवा होता, माणूस धोकादायक नाही असा.

दीप्ती फिजिओथेरपिस्ट, मूळची वर्ध्याची, आता राहायला इथल्याच गुदैबियात. खेळाडू आधी आपसांत आकडा ठरवतात आणि तो पुकारला की एकदम उसळतात, हे तिने फोनवर बघून ठेवलं होतं. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, हे तिला कळत होतं. म्हणून इंग्रजी आकडे सोडून ती मराठीत मोजू लागली. दोन महिने कॉर्डेल गरीब गाय होऊन राहिला. आज तिने सही केली.

“मला त्याने कधीच हात लावला नाही,” अकीला म्हणाली. “भावांना किती वेळा सांगितलं!”

“आता कागदच सांगेल, मॅडम.”

“आकडा कोणता?”

दोघी दचकल्या. कॉर्डेल महिन्यात पहिल्यांदा बोलला होता. दीप्तीला इतका आनंद झाला की तिने विचारच केला नाही.

“तीन,” ती हसून मराठीतच म्हणाली. “आपला नेहमीचाच.”

“तीन,” तो स्वतःशी पुटपुटला.

अकीलाचे डोळे भरून आले. “आतापासून मीच मोजणार. सगळं शिकलेय मी. तू मागे ये. यल्ला, चल!”

पट्टा दीप्तीच्या हातात देऊन ती पहिल्यांदाच नवऱ्याच्या समोर उभी राहिली.

“एक,” ती म्हणाली.

पट्ट्याला हिसका बसला. कॉर्डेल पुढे वाकला होता. त्याच्या उजव्या हाताची बोटं गालिच्यावर टेकली होती.

दीप्तीची नजर भिंतीवरच्या फोटोंवर गेली. अकीलाला त्याने कधी हात लावला नव्हता, कारण ती नेहमी त्याच्या मागे असायची.

“मॅडम, बाजूला व्हा!”

“घाबरतेस काय? खलास, सही झालीय,” अकीला म्हणाली आणि नवऱ्याकडे बघून हसली. “दोन.”

पन्नास किलोंच्या दीप्तीने पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि पाय रोवले.