वाळायला तयार नसलेली फांदी

इटलीत, आमच्या फ्रिउलीच्या टेकड्यांत रीत साधी आहे. घरची वाइन विकायला काढली की रस्त्यावरच्या खांबाला हिरवी फांदी बांधायची. फांदी दिसली की लोक येतात, अंगणातल्या बाकांवर बसून पितात, सोबत घरची उकडलेली अंडी आणि हॅम खातात. फांदी वाळली की उठून घरी जातात. कुणाला तोंडाने ‘आता निघा’ म्हणावं लागत नाही, ते काम फांदीचं.

या वर्षी माझ्या बाबांनी फांदी तोडायलाच नकार दिला.

माझे बाबा, तार्चीझिओ, म्हणजे सेंद्रिय शेतीतला हट्टी देवमाणूस. मळ्यात विषारी औषधाचा थेंब नाही, खत म्हणजे शेण, कीड पडली तर रानपाल्याचा काढा. एवढा उपद्व्याप करून पेला मात्र एका युरोला. “उन्हाचं बिल येत नाही, मग मी कशाचे पैसे लावू?” हा त्यांचा हिशोब. आईच्या कष्टाचंही बिल कधी आलं नव्हतं, त्यामुळे हिशोब चोख जुळायचा.

“दिखाव्यासाठी जिवंत झाडाची फांदी तोडायची?” ते म्हणाले, आणि कुंपणावरची आयव्हीची वेल मुळं जमिनीतच ठेवून त्यांनी खांबावर चढवली.

“आणि दर फेब्रुवारीत द्राक्षाच्या वेली छाटतोस ती काय हजामत?” आईने विचारलं.

“ते त्यांना आवडतं.”

आईला, एल्दाला, लग्न झाल्यापासून ग्रादोच्या समुद्रावर जायचं होतं. मळ्याच्या सगळ्यात वरच्या ओळीतून तो समुद्र दिसतो, त्यामुळे छळ जास्तच. पाण्यात पाय बुडवून उभं राहावं आणि कुणी उकडलेलं अंडं मागू नये, एवढंच तिचं मागणं. बाबांनी यंदा शब्द दिला होता, फांदी वाळली की दुसऱ्या दिवशी ग्रादो. तिने बॅग भरून दाराशी ठेवली होती.

वेल काही वाळेना. उलट तिला नवी पालवी फुटली.

बाबांचा शाळासोबती गुएर्रीनो, निवृत्त पोलीस, रोज सकाळी खांबापाशी जाऊन एक पान चुरगळून बघायचा आणि ओरडायचा, “हिरवं आहे!” की पत्ते पुन्हा वाटले जायचे. मग लोकांनी उशा आणल्या. पोस्टमन त्यांची पत्रं आमच्याच अंगणात टाकू लागला. चर्च ओस पडलं म्हणून फादर जाब विचारायला आले, आणि पहिल्या पेल्यानंतर त्यांनीही उशी मागवली. आई उजाडल्यापासून अंडी उकडत होती, हॅम कापत होती, मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळत होती.

“गुएर्रीनोकाका, घरी जा की आता. काकू वाट बघत असतील,” मी म्हटलं.

“ती बघ, चौथ्या बाकावर. जिंकतेय.” त्याने पेला पुढे केला. “आणि पोरी, हिरव्या फांदीखालून उठणं म्हणजे यजमानाचा अपमान. मी तसला माणूस नाही.”

भाव वाढवा, आपोआप पांगतील, असं मी बाबांना सुचवलं. ते इतके भडकले की त्यांनी पेला ऐंशी सेंटवर आणला. अंगणात टाळ्या पडल्या.

शेवटी एका सकाळी आईने पोलेंट्याचं तांब्याचं भांडं रिकामं केलं, तडक रस्त्यावर गेली आणि वेल मुळासकट उपटली.

“एल्दा, मुळं तुटतील!” बाबा कळवळले.

“काही तुटत नाही. ही बघ माती घातली.” तिने वेल भांड्यात बसवली. “इथे ठेवली तर तू पुन्हा चढवशील. हिला मी घेऊन जाते. तिला तरी माझ्याबरोबर समुद्र बघू दे.”

एका हातात बॅग, काखेत भांडं, अशी ती निघाली. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. तो आनंद बसथांब्यापर्यंत टिकला.

कारण मागून पेले घेऊन अख्खं अंगण येत होतं. फांदी जिथे, पिणं तिथे, रीत म्हणजे रीत. सगळ्यांच्या मागे बाबा, ढकलगाडीवर वाइनचं पिंप घेऊन. बसचा ड्रायव्हर आमच्याच भागातला. त्याने वेल पाहिली, टोपी काढली आणि पिंपासाठी मागचं दार उघडलं.

ग्रादोला आईने वाळूवर भांडं ठेवलं आणि शेजारी टेकली. समोर समुद्र, निळा, थेट पायांपर्यंत. आमची मंडळी तिच्यासमोर अर्धगोल करून बसली, समुद्राकडे पाठ करून.

“वहिनी,” गुएर्रीनो हळूच म्हणाला, “अंडी आणली असतील ना?”

आईचा चेहरा असा पडला की मला त्या माणसाला तिथेच बुडवावंसं वाटलं. तिने एकदा वेलीकडे पाहिलं, एकदा पेल्यांकडे. मग उठली, भांडं उचलून बाबांच्या हातात दिलं आणि बुटांसकट पाण्याकडे चालू लागली.

सगळी डोकी भांड्याबरोबर बाबांकडे वळली.

“तार्चीझिओ, अंडी?”

बाबांनी भांडं खाली ठेवायचा प्रयत्न केला.

“खाली कशाला? तूच म्हणतोस ना, मुळांना धक्का नको,” गुएर्रीनो म्हणाला. “आणि थोडं हॅमही काप.”

“एल्दा!” बाबांनी जिवाच्या आकांताने हाक मारली. “अगं, अंडी किती वेळ उकडायची?”

आई गुडघाभर पाण्यात उभी होती.

“लाटांच्या आवाजात काही ऐकू येत नाही!” ती मागे न वळता ओरडली.

त्या दिवशी समुद्राला एकही लाट नव्हती.