माझ्या खरखरीचा मालक

मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे. गिटार मला जोडली की तिची कुजबुज घरभर व्हायची. शिकागोच्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि डेट्रॉइटच्या ओथा पेटवे यांनी मला घरी आणले. ते आठवडाभर कारखान्यात वितळलेले लोखंड ओतत आणि शनिवारी दुपारी ओसरीवर ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांची संथ, दुखरी गाणी, वाजवत.

एकदा ट्रकमधून उतरवताना मी आपटलो. माझ्या स्पीकरचा कागदी पडदा फाटला आणि आवाज खरखरीत झाला.

"बाबा, दुरुस्त करून आणा ना," त्यांची मुलगी व्हर्निटा म्हणाली.

"राहू दे. आता कुठे हा माझ्यासारखा बोलायला लागलाय."

मित्रांनो, ती खरखर ऐकूनच डेल कोवाल्चिक आमच्या दारी आला. पलीकडच्या गल्लीत, गॅरेजमध्ये त्याचा बँड होता.

"मिस्टर पेटवे, हा आवाज काढता कसा?"

"बस इथं, पोरा. घाई असेल तर जा."

दोन वर्षे ओथांनी त्याला शिकवले. पुढे त्यांची बोटे आखडू लागली, तेव्हा मलाही त्याच्या हवाली केले.

डेलने तेच सूर दुप्पट वेगाने वाजवले. लोक त्या वेगवान, दणदणीत संगीताला पंक म्हणू लागले. माझी वाहवा झाली. एका मोठ्या कार्यक्रमाला त्याने ओथांना बोलावले, "या, एक गाणं मिळून वाजवू."

ओथा इस्त्रीचा सूट घालून आले. दारावरच्या माणसाने अडवले. "आजोबा, सामानवाल्यांनी मागून जायचं."

"मी वाजवायला आलोय. डेलला विचारा."

डेल दहा पावलांवर होता. रेकॉर्ड कंपनीचा माणूस त्याला विचारत होता, "हा आवाज कुणाकडून उचललास?"

डेलने ओथांकडे पाहिले. मग माझ्यावर हात ठेवून म्हणाला, "कुणाकडून नाही. माझाच आहे."

ओथांनी ते ऐकले. ते वळून घरी निघून गेले. मला मात्र त्याच संध्याकाळी त्याच्यासाठी गर्जावे लागले.

त्या हिवाळ्यात ओथा गेले. डेल अंत्यविधीला गेला नाही. त्यानंतर माझा आवाज त्याला सोसेना. त्याने मला तळघरात टाकले. तिथे ओल आली, उंदरांनी तारा कुरतडल्या.

एकदा वर व्हर्निटाचा आवाज आला. "बाबांचा ॲम्प्लिफायर आहे का? तेवढाच न्यायला आले."

"तो केव्हाच विकला," डेल म्हणाला.

मी त्यांच्या पायांखालीच होतो. तिची पावले दाराकडे गेली.

मित्रांनो, ज्याच्याकडून शिकलात त्याचे नाव तो समोर असतानाच घ्या. मागाहून जीभ रेटत नाही.