बसून द्यायचं औषध

मी स्टूल बोलतोय. शस्त्रक्रियेच्या वॉर्डातलं, तीन पायांचं. माझ्यावर कोण बसलं नाही? नातेवाइकांच्या पिशव्या बसल्या, डॉक्टरसाहेबांचा फोन बसला. सिस्टरांना तेवढी बंदी. मेट्रनबाईंचा हुकूमच होता, "बसलेली सिस्टर म्हणजे रिकामी सिस्टर."

थोरल्या सिस्टर मात्र शिरेतून कॅल्शियम द्यायचं असलं की मला पायाने पुढे ओढायच्या. "उभ्या माणसाचा अंगठा घाई करतो," म्हणायच्या.

गेल्या महिन्यात तपासणी पथक यायचं होतं, म्हणून मला मोरीपाशी दडवलं. नेमकी त्याच सकाळी, गळ्याची गाठ काढलेल्या एका शिवणकामवाल्या बाईंची बोटं रक्तातलं कॅल्शियम घटून आखडली. रडकुंडीला येऊन त्या म्हणाल्या, "बोटंच गेली तर मी मशीन कशी चालवू?"

डॉक्टरांनी लिहिलं होतं : कॅल्शियम, मॉनिटर लावून, दहा मिनिटांत हळूहळू. नवी सिस्टर सिरिंज घेऊन उभी. मागे मेट्रनबाईही उभ्या. शेजारी बाईंचा दीर.

"अहो, एवढंसं तर आहे! ढकला की पटकन. वहिनी तळमळतेय."

तिने ढकललं. मिनिटभरात निम्मं औषध आत गेलं आणि मॉनिटरची टिकटिक रेंगाळू लागली. मेट्रनबाई मॉनिटरवरची धूळ बघत होत्या. आकडा बघितला तो धावत आलेल्या थोरल्या सिस्टरांनी.

"थांबव आधी! डॉक्टरांना बोलवा!"

माझी तर पाचावर धारण बसली. ठोके सावरले तेव्हा कुठे जीवात जीव आला. उरलेलं हळू द्या, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा थोरल्या सिस्टरांनी मला मोरीपासून ओढत आणलं.

"बस."

"मेट्रन रागावतील."

"रागावू देत. राग उतरतो गं. थांबलेलं हृदय चालू होईलच असं नाही."

नवी सिस्टर बसली. आधी सलाईन सोडून शीर नीट चालतेय का ते पाहिलं, मग एक डोळा मॉनिटरवर ठेवून थेंबाथेंबाने औषध दिलं. थोड्या वेळाने बाईंची बोटं सुटली. त्या बोटाने दाखवत म्हणाल्या, "भावजी, बटण लोंबतंय तुमचं. काढून द्या, लावते."

पथकाने वॉर्डाची तारीफ केली. दोष एकच निघाला : ड्यूटीवर स्टूल आढळलं.

आता मी गच्चीवर, गळ्यात 'भंगार'ची चिठ्ठी. कपडे वाळत घालणाऱ्या मावशी सांगत होत्या, नवी सिस्टर हल्ली उलट्या बादलीवर बसून कॅल्शियम देते. मेट्रनबाईंनी बादल्या मोजायला घेतल्यात म्हणे.

मेट्रनबाई, मला खुशाल विका. पण सुई धरणारीला दहा मिनिटं बसू द्या हो.