बटणावरचा लाल ठिपका

मी ॲसिटोन बोलतोय. जरा लवकर ऐकून घ्या. बाटलीचं झाकण उघडं राहिलंय आणि एका जागी बसून राहणं माझ्या स्वभावात नाही.

माझा जन्म एका मोठ्या रसायनांच्या कारखान्यातला. खनिज तेलापासून निघालेले दोन पदार्थ एकत्र आले, त्यांना हवा मिळाली, थोडं आम्ल मिळालं आणि आम्ही जुळी भावंडं जन्मलो: फिनॉल आणि मी. फिनॉल कातडी भाजून काढतं, मी नुसता गार लागतो. त्यामुळे घरात गुणी मीच ठरलो. पाण्याशी माझं जमतं, तेलाशीही जमतं. आगीशी मात्र जमवायला जाऊ नका, मी लगेच भडकतो.

माझे काही सोबती औषधांच्या कारखान्यात गेले, काही रंगाच्या. मी फायबरच्या होड्या बनतात तिथे आलो. तिथले कारागीर चिकट राळेचे ब्रश माझ्यात धुतात. म्हणजे, धुवायचे असतात. गप्पांत राळ दगडासारखी घट्ट होते, आणि मग म्हणतात, "या ॲसिटोनमध्ये काही दम नाही!"

त्यातल्याच एका कारागिराने मला छोट्या बाटलीतून घरी नेलं, बायकोच्या नखांचा रंग काढायला. ती हसून म्हणाली, "अहो, याने तुमचा वेंधळेपणा निघेल का?"

तिचंही बरोबर होतं. न्हाणीघराचा दिवा लावायला जाऊन तो रोज स्वयंपाकघराचा दिवा घालवायचा, आणि ती हातात सुरी घेऊन अंधारात! शेवटी तिने न्हाणीघराच्या बटणावर नखांच्या रंगाचा लाल ठिपका दिला. तेव्हापासून तो चुकला नाही.

मागच्या हिवाळ्यात ती वारली. मी फळीवर तसाच राहिलो.

आज त्याची थोरली बहीण घर आवरायला आली. "अरे, केवढा हा डाग! तुला दिसत कसा नाही?" बटणाकडे बघून म्हणत तिने मला कापसावर ओतलं. असा ठिपका म्हणजे मला एका फटक्याचं काम, आणि तिला थांबवायला मला हात नाहीत.

"ताई, थांब," तो म्हणाला.

"का रे? आत्ता निघेल."

"निघेल म्हणूनच. मी चुकायचो ना, म्हणून तिने लावलाय तो."

ताई कापूस धरून उभीच राहिली. "अजून चुकतोस?"

"नाही."

"मग राहू दे. तुझा काय भरवसा!"

तोवर कापूस कोरडा झाला होता. उडून जाण्याच्या खोडीपायी मी जन्मभर बोलणी खाल्ली. आज त्याच खोडीने ताईची बोटं गार करून मी मुकाट्याने निघालो.

बाटलीच्या तळाशी अजून थोडा आहे. झाकण लावायचं दोघांनाही सुचलेलं नाही. शेगडी बंद आहे, खिडकी उघडी आहे, तेव्हा काळजी नको. तुम्ही एवढंच करा: मला कशावर फिरवण्याआधी तो डाग कोणी लावलाय, हे घरात विचारून घ्या.