जड ते पाठीशी

मित्रांनो, मी एक जुनी सॅक आहे. मोटारसायकल चालवणाऱ्या एका बाईच्या पाठीवर माझे आयुष्य गेले. माझा रंग काळा होता, पण उन्हाने विटून आता त्याला नाव उरलेले नाही. मला बसलेल्या एका धक्क्यातून मी अजून सावरलेली नाही. तुम्ही म्हणाल, सॅकला कसला आलाय धक्का? तर मग ऐकाच.

माझा जन्म शिलाई मशीनच्या खडखडाटात झाला. मला शिवणाऱ्या बाईने माझे पट्टे दोनदा शिवले, पायाखाली धरून हिसका देऊन पाहिला आणि म्हणाली, "आता हत्ती घाल आत." तिथून मी दुकानाच्या खुंटीवर आले. गिऱ्हाइके यायची, मला पाठीला लावायची, आरशासमोर वळून वळून पाहायची. रंग शोभतो का, कप्पे किती, एवढ्यावर सारी परीक्षा. सगळी उभ्याउभ्याच पाहायची. बसून कोणी पाहिलेच नाही.

मग एके दिवशी ती आली. डोक्यावर हेल्मेट तसेच.

"अहो, हेल्मेट काढा की. दुकानात कोण धडकणारे तुम्हाला?" दुकानदार म्हणाला.

तिने एक स्टूल ओढले, त्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसली, हँडल धरल्यासारखे हात पुढे केले आणि एकेक सॅक पाठीला लावून पाहू लागली. मान वर केली की एकीचा माथा हेल्मेटला टेकायचा. दुसरीचे बूड स्टुलावर बसायचे आणि पट्टे ढिले पडायचे. तिसरी काखेत काचायची. दुकानदार हसून हसून बेजार झाला.

"घोडा हवा होता तर आधीच सांगायचं ना, बाई!"

"घोडा बाहेर उभाय. त्याला कुठली चालते तेवढं बघतेय."

मी तिच्या पाठीवर चढले आणि चपखल बसले. माझे बूड स्टुलाच्या वर राहिले, मान मोकळी राहिली, छातीवरची पट्टी नीट लागली. पट्ट्यांची लोंबणारी टोके चाकात जाऊ नयेत म्हणून तिने तिथेच ती गुंडाळून रबराने बांधली. "हीच," ती म्हणाली. मी तर हवेतच! सॅक पाठीवर कशी बसते ते तिने इतके पारखून घेतले. सॅकच्या आत काय कसे बसणार, ते मात्र कोणी विचारले नाही.

ती लिफ्ट दुरुस्त करायची. कुठे लिफ्ट अडकली की फोन यायचा आणि आम्ही सुटायचो. हा धंदा तिने वडिलांकडून घेतला होता. त्यांना सगळे वस्ताद म्हणत. त्यांच्या हाताखाली किती तरी कारागीर तयार झाले आणि प्रत्येकाला त्यांनी एक नियम पाठ करायला लावला : जड ते पाठीशी. लिफ्टचे मशीन इमारतीच्या माथ्यावर असते. तिथे लोखंडी शिडीने उभे चढावे लागते. जड पाना सॅकच्या बाहेरच्या अंगाला असला, तर तो माणसाला मागे खेचतो. म्हणून सगळ्यात मोठा पाना पाठीला चिकटून, उभा ठेवायचा. नियम अगदी खरा होता. त्याने किती तरी माणसांना शिडीवरून पडू दिले नाही.

रोज सकाळी निघताना वस्ताद मला थोपटून पाना जागेवर आहे ना ते चाचपायचे.

"जड ते?"

"पाठीशी, बाबा. रोज काय विचारता!"

तो पाना वस्तादांचा स्वतःचा होता, हातभर लांब. लेकीने धंदा हाती घेतला तेव्हा त्यांनी तो तिला दिला होता. मला त्याचा केवढा अभिमान! लिफ्टमधून सुटलेली माणसे म्हणायची, "ही सॅक आहे की जादूची पोतडी?" मी फुगून जायची.

आणि मग ती सकाळ आली. एका इमारतीत कोणी तरी अडकले होते. आम्ही वेगात नव्हतो, हे मी शपथेवर सांगते. वळणावर बांधकामाची बारीक खडी सांडली होती. मागचे चाक सरकले. गाडी एकीकडे गेली आणि ती पाठीवर आपटली. पाठीवर म्हणजे माझ्यावर.

मित्रांनो, त्या क्षणी मला जे कळले, ते आठवले की अजून माझ्या शिवणी आवळतात. खाली रस्ता, वर ती आणि मध्ये तो पाना. माझे मऊ अस्तर त्याने कागदासारखे दाबले आणि तो तिच्या पाठीत घुसू लागला. मी रस्त्याचा मार सोसला. पण माझ्या आतल्या लोखंडाचा मार तिला बसला. तिचा श्वास अडकला. मग ती हळूच म्हणाली, "माझे पाय कुठायत? मला पाय जाणवत नाहीयेत."

माणसे धावली. "हलवू नका तिला!" एक भाजीवाली ओरडली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "सॅक होती म्हणून वाचली पोर!" सगळ्यांनी माना डोलावल्या. अरे, वाचली कुठे? मीच तर तिच्या पाठीला ते लोखंड लावून धरले होते!

दवाखान्यात मला बाकाखाली ठेवले. वस्ताद धावत आले, दोन पायांत दोन वेगळ्या चपला. कोणी तरी त्यांनाही तेच सांगितले. त्यांनी मला उचलून मांडीवर घेतले, अगदी लेकरासारखे. म्हणाले, "पाठ राखलीस गं माझ्या पोरीची. आता हाताखालच्या सगळ्या पोरांना अशीच सॅक घ्यायला लावतो. अशीच भरायला लावतो."

सगळ्यांना? अशीच? मी जीव तोडून ओरडत होते. पण सॅकला तोंड असते ते चेनचे, आणि ते दुसऱ्याने उघडावे लागते.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी त्यांना आत बोलावले. तिला कुशीवर वळवले होते. मी वस्तादांच्या काखेत होते.

"काका, ती पडली तिथे काही लोखंड होतं का?"

"नाही हो. नुसती खडी होती."

"मग हे काय?"

तिच्या पाठीवर काळानिळा वळ उठला होता. लांब, सरळ, आणि वरच्या टोकाला दोन फाटे. वस्ताद जवळ सरकले. मग त्यांनी माझी चेन उघडली, पाना काढला आणि त्या वळाशेजारी धरला. लांबी तीच. टोक तेच.

"हा माझा आहे," ते म्हणाले. पाना खाली ठेवत म्हणाले, "मी जन्मभर बसनं फिरलो हो. मोटारसायकलवर कधी बसलोच नाही. मला शिडीच दिसली. रस्ता दिसलाच नाही."

"मणक्याच्या अगदी कडेला लागलाय. मणक्यावर नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग तिच्या पायाशी जाऊन म्हणाल्या, "अंगठा हलवा बघू."

काहीच हलले नाही. वस्तादांनी मला असे आवळले की माझा एक टाका तुटला.

"पुन्हा. सावकाश."

अंगठा हलला. एवढासाच, पण हलला. वस्तादांनी माझ्यात तोंड खुपसले. माझे अस्तर ओले झाले.

बरी व्हायला तिला फार दिवस लागले. आता गाडीला मागे एक लोखंडी पेटी बसवली आहे. पाना त्या पेटीतून जातो. इमारतीच्या पायथ्याशी पोचल्यावर तो माझ्यात येतो, शिडीपुरता. वस्तादांनी आपल्या प्रत्येक कारागिराच्या घरी जाऊन हे सांगितले आणि लेकीच्या पाठीवरचा वळ आपल्याच पान्याचा, हे सांगायलाही ते लाजले नाहीत.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. सॅक घेताना बसून पाहा, मान वळवून पाहा, पट्टे आवळून पाहा. आणि गाडीवर बसण्याआधी एकदा तिच्या आत हात घाला. पाठीला कुलूप, पाना, बाटली असले काही टेकत असेल तर काढा. आम्ही मऊ आहोत, पण तुम्ही जे भरता तेच आम्ही तुमच्या पाठीला लावतो.

माझा अजून रोज कस लागतो. सकाळी वस्ताद मला समोर घेतात.

"जड ते?"

"पेटीत, बाबा."

"आणि पाठीशी?"

"टॉवेल. रोज काय विचारता!"

तरी ते आत हात घालतात आणि वरपासून खालपर्यंत चाचपतात. जिथे पाना असायचा, तिथे तो हात थांबतो. ती हेल्मेट घालण्यात गुंतलेली असते, म्हणून ते फक्त मला कळते.